गेला एक, आला दुसरा

दिवाळीला मुखेडला गेलं की पहिले दोन दिवस फराळ आणि झोप. तिसऱ्या दिवशी बोअर व्हायला लागतं. या वेळी मात्र बॅगेत मैत्रिणीचा उसना कॅमेरा होता आणि आमच्या गच्चीसमोरच्या विजेच्या तारेवर वेडे राघू. हिरवेगार, चिमणीएवढे, शेपटीतून दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या. तारेवरून सुटायचं, हवेतल्या हवेत माशी पकडायची आणि परत त्याच तारेवर येऊन बसायचं. मधमाशी असेल तर तारेवर आपटून आपटून आधी तिची नांगी काढायची. मग गट्टम!

ही अख्खी फेरी एकाच फोटोत आणायची, असं मी ठरवलं. म्हणजे राघू एकच, पण उठताना, वळताना, परतताना असा ओळीने दिसणारा. असे फोटो तुम्ही इन्स्टावर नक्की पाहिले असतील.

आयडिया जुनीच आहे म्हणा. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीसारखा कॅमेरा बनवला. सेकंदाला १२ फोटो! नेपल्सजवळ तो ही बंदूक पक्ष्यांवर रोखायचा आणि पक्षी काही पडायचा नाही, म्हणून शेजारी त्याला वेड्यात काढायचे, असं सांगतात. नंतर त्याने काळ्या पडद्यासमोरून पांढरे पक्षी उडवले आणि उडण्याच्या सगळ्या पोझिशन्स एकाच काचेवर उमटवल्या. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी शूट करून फिल्म केली होती, ते याच्या बरोब्बर उलट. त्यांनी सुट्या फ्रेम्समधून हालचाल उभी केली, इथे हालचालीची एकच फ्रेम करायची.

मारेला फोटोशॉप नव्हतं, मला होतं. पण ट्रायपॉड नव्हता. पाण्याच्या टाकीवर उशी, उशीवर कॅमेरा. शटर १/२०००, एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस तारेवर लॉक, सेकंदाला १० फ्रेम्स. राघू तारेला समांतर गेला तर ठीक. आपल्या दिशेने आला की ब्लर, फ्रेम डिलीट. दोन संध्याकाळी यातच गेल्या. ("दशरथेश्वराच्या देवळाचे फोटो काढ की, हे काय करायलीस?" इति आई. उशीही तिचीच होती.)

नंतरचं काम लॅपटॉपवर. फ्रेम्स एकावर एक लेयर करून 'डार्कन' मोड लावला की प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात काळपट पिक्सेल उरतो. आकाश उजळ, पक्षी गडद, त्यामुळे पक्षी आपोआप दिसतात. पंखावर ऊन पडून तो आकाशापेक्षा उजळ झाला तर पंखच गायब! मग मास्क लावून तो हाताने परत आणायचा. राघू जाताना सुसाट जातो, येताना तरंगत येतो, त्यामुळे परतीच्या फ्रेम्स एकमेकींवर चढतात. तिथे एकाआड एक गाळल्या. शेवटी अकरा राघू, सुंदर कमान आणि शेवटच्याच्या चोचीत माशी. सॉलिड! कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, पुण्यातल्या एका क्लायंटला कॅलेंडरसाठी पाठवला. 'मस्तच' असा रिप्लायही आला.

मग अण्णांना दाखवला. अण्णा रिटायर्ड मास्तर, जन्मभर वह्या तपासलेले.

"किती राघू आहेत हे?"

"एकच, अण्णा."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनजवळ गेले. "मग जाताना शेपटीला दोन काड्या, येताना एकच कशी? वाटंत पडली का?"

मी झूम केलं. अगदी तस्सं.

काय झालं होतं, ते मला माहीत होतं. जाणारा राघू मंगळवारचा. छान उडाला, पण माशी चुकली आणि रिकाम्या चोचीने परत आला. माशीवाला परतीचा भाग बुधवारचा, ढगही जुळत होते म्हणून मी तो चिकटवला. राघू सगळे सारखेच दिसतात, असं मी धरून चालले होते. पत्रकारितेच्या डिग्रीत 'फोटोशी छेडछाड' यावर अख्खा पेपर होता, त्यात मला बऱ्यापैकी मार्क होते. एकाच पक्ष्याच्या वीस जागा दाखवल्या तरी मला चालतं, कारण तो तिथे होताच. ही फेरी मात्र कुठल्याच राघूने मारलेली नव्हती.

"हा रोज तिथंच बसतो," अण्णा म्हणाले, "चुकतो पण बऱ्याच वेळा."

रात्री मंगळवारच्या फ्रेम्स पुन्हा उघडल्या. आता नऊ राघू आहेत. कमान तितकी देखणी नाही, मध्येच एक गचका आहे, तिथे त्याची माशी सुटली. चोच रिकामी. क्लायंटला दोन्ही पाठवले आणि पहिल्याखाली लिहिलं की यात दोन वेगळे पक्षी जोडलेत. त्यावर अजून रिप्लाय नाही.

अण्णांना नऊवाल्याची प्रिंट हवीये. शेपट्या मोजता येतील एवढी मोठी, म्हणाले.