बिजागरीची किंमत

खंडाळ्यातून (लोणावळ्याशेजारच्या नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या) लॅपटॉप घ्यायला निघालेले कुटुंब एक तर महामार्गाने पुणे गाठते किंवा खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला जाते, आणि पुढे यंत्र बिघडले की अधिकृत दुरुस्ती केंद्रासाठी बहुधा हेच हेलपाटे पुन्हा घालावे लागतात. पण खरेदीच्या हिशेबात ते कोणी धरत नाही.

दुकानात घासाघीस होते ती प्रोसेसर, रॅम आणि साठवणक्षमता या तीन आकड्यांवर. ४०,००० आणि ६०,००० रुपयांच्या यंत्रांवर हे आकडे पुष्कळदा सारखेच असतात, त्यामुळे वरचे पैसे निव्वळ नावाचे, असा समज होतो आणि काही वेळा तो खराही असतो. मात्र फरकाची मुख्य जागा बिजागरी ही आहे. स्वस्त यंत्रात पडद्याची धातूची बिजागरी ज्या स्क्रूंनी तळाला जोडलेली असते, ते प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेल्या पितळी नटांत आवळलेले असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असली की ताण एकाच बाजूला येतो, खुंटी तडकते आणि आतले सारे भाग धडधाकट असतानाही यंत्र निकामी ठरते. म्हणून दुकानातच झाकण उघडताना तळ उचलला जातो का, आणि कळफलकाच्या मधोमध बोटाने दाबल्यावर तो खचतो का, हे पाहणे विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलके ठरते. महाग म्हणजे टिकाऊ, हे समीकरणही सरसकट लागू पडत नाही, कारण अनेक सडपातळ, देखण्या यंत्रांत रॅम मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही.

किंमत आणि रचना यांच्या ओढाताणीचा एक जुना दाखला रायगड जिल्ह्यात सापडतो. कर्जत तालुक्यातील खैरात येथील शाळेत २००७ साली मुलांना एक्सओ नावाचे लॅपटॉप मिळाले. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ असा त्याचा गाजावाजा झाला होता, प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुपटीवर गेली आणि तिच्यावर टीकाही झाली. परंतु उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाण्याला अटकाव करणारा रबरी कळफलक आणि हँडलच्या आत ठेवलेले जादा स्क्रू पाहता, दुरुस्तीचे दुकान जवळ नसणार हे गृहीत धरूनच तो घडवला होता, हे मान्य करावे लागते.

आज तशा विचाराच्या सर्वांत जवळ जातात ती कंपन्यांनी वापरून काढलेली आणि पुन्हा दुरुस्त करून विकली जाणारी कार्यालयीन यंत्रे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने, पुढची विंडोज अधिकृतपणे चालावी म्हणून अशा यंत्रातील इंटेल प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा असावा, आणि विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमतेपुढे सध्याची क्षमता किती उरली आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून पडद्यावर दाखवून घ्यावे.