इंजिन खोलण्याआधी ‘टायमिंग’ तपासा

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत, वीज रात्रीच्या पाळीची आहे आणि विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून हात दुखले तरी सुरू होत नाही. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावांत हा अनुभव नवा नाही. अशा वेळी निदान बहुधा ठरलेले असते : ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल.’ एकदा खोलले की लायनर, पिस्टन, बेअरिंग अशी यादी वाढत जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा टायमिंगचा असतो. तो मोजता येतो आणि त्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही.

टायमिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात प्लग नसतो. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते, की नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. त्यामुळे पेट्रोल इंजिनात ठिणगीच्या वेळेला जे महत्त्व, तेच येथे फवाऱ्याच्या वेळेला.

डिझेल पेटायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच फवारा सुरू व्हावा लागतो. पाणी उपसणाऱ्या अनेक लहान इंजिनांत हा आकडा साधारण २० ते २६ अंशांदरम्यान असतो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग. ‘कानाने टायमिंग लावतो’ या दाव्याला किती अर्थ आहे, हे यावरून लक्षात यावे.

लक्षणे कशी ओळखावीत?

फवारा लवकर झाला, की इंजिन धातूवर हातोडी मारल्यासारखे कडक ठोके देते. सुरू करताना हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असतो. फवारा उशिरा झाला, की जोर कमी पडतो, डिझेल जास्त लागते, सायलेन्सर फार तापतो आणि पांढरा धूर निघतो.

धुराचा रंग बरेच काही सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तेव्हा रिंगांचा संशय रास्त ठरतो. काळा धूर बहुतेक वेळा जादा भार, तुंबलेला एअर फिल्टर किंवा खराब नोझल यांमुळे येतो.

आधी काय तपासावे?

टायमिंगला हात लावण्यापूर्वी सोप्या गोष्टी पाहाव्यात. टाकीत पाणी किंवा गाळ आहे का? डिझेल फिल्टर तुंबला आहे का? नळीत हवा धरली आहे का? टॅपेटचे अंतर बरोबर आहे का? नोझल फवारते की थेंब गाळते? नोझलची तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्यावी. हा फवारा इतक्या दाबाचा असतो, की कातडी भेदून आत शिरतो. त्यासमोर हात कधीही धरू नये.

टायमिंग कसे मोजतात?

इंजिन बंद ठेवून नोझलकडे जाणारी नळी पंपावरून सोडतात. डिझेलचा कॉक आणि लिव्हर चालू स्थितीत ठेवून फ्लायव्हील फिरण्याच्याच दिशेने हाताने सावकाश फिरवतात. पंपाच्या तोंडाशी थांबलेले डिझेल ज्या क्षणी हलते, तो फवाऱ्याचा आरंभ. तेथून पिस्टन वरच्या टोकाला असल्याची खूण येईपर्यंतचे अंतर फ्लायव्हीलच्या कडेवर मोजायचे. चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर असेल, तर २४ अंश म्हणजे कडेवर सुमारे साडेदहा सेंटीमीटर.

अंतर जुळत नसेल, तर अनेक इंजिनांत पंपाखालच्या पातळ पत्र्या, म्हणजे शिम, बदलून दुरुस्ती होते. पत्री वाढवली की फवारा उशिरा होतो, काढली की लवकर. इंजिन नुकतेच खोलून जोडले असेल, तर गिअरवरच्या खुणा जुळल्या आहेत का, हे आधी विचारावे. ४० दातांच्या कॅम गिअरचा एक दात चुकला, तर क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांचा फरक पडतो.

बोटीत हाच दोष जीवघेणा

विहिरीवर इंजिन बंद पडले तर पाण्याची पाळी हुकते. कोकणातील मासेमारी बोटीच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन भर समुद्रात बंद पडले, तर बोट वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या हवाली होते. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत तर चुकीच्या टायमिंगमुळे कार्बुरेटरमधून उलटी ज्वाळा येऊ शकते आणि बंद इंजिनखोलीत साचलेली वाफ पेटू शकते. म्हणून अशा इंजिनावर ज्वाळारोधक जाळी बसवलेली असते. पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलैच्या दरम्यान, बोटींची इंजिने तपासून घेतली जातात. शेतकऱ्याच्या इंजिनासाठी असा ठरलेला काळ नाही. ते बंद पडल्यावरच त्याची आठवण होते.

मोजमापाची सवय लागावी

गावातला मेकॅनिक अनुभवी असतो, अडीअडचणीला रात्री धावूनही येतो. दोष त्याच्या हातात नाही, मोजण्याच्या सवयीच्या अभावात आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम शिकवला जातो. रब्बीच्या तोंडावर या संस्थांनी कृषी विभागाच्या मदतीने मोठ्या गावांत दिवसभराची तपासणी शिबिरे घेतली, तर विद्यार्थ्यांना सराव मिळेल आणि शेतकऱ्याचा खर्च वाचेल. कंपन्यांनीही टायमिंगचा आकडा मराठीत, इंजिनावरच ठळक कोरावा.

तोवर शेतकऱ्याने दोन गोष्टींचा आग्रह धरावा. पंप काढण्याआधी खुणा करून घ्याव्यात आणि किती पत्र्या निघाल्या, हे लिहून ठेवावे. आणि ‘इंजिन खोलावे लागेल’ असे कोणी म्हणाले, तर आधी एकच प्रश्न विचारावा : टायमिंग मोजले का?