वस्ती सावरली म्हणे. मग माणसे कुठे गेली?

१/ २००८ च्या अमेरिकी गृहकर्ज-अरिष्टाचा इतिहास सांगताना ‘नेबरहुड स्टॅबिलायझेशन प्रोग्रॅम’चा उल्लेख कौतुकाने होतो. जप्तीने ओस पडलेल्या वस्त्या शासनाने सावरल्या, असा त्याचा सूर असतो. तो सूर मान्य करण्याजोगा नाही.

२/ जुलै २००८ मध्ये कायदा झाला. पहिली तरतूद ३.९२ अब्ज डॉलरची. पुढील दोन वर्षांत ती सुमारे ७ अब्जांवर गेली. राज्यांनी व नगरपालिकांनी या पैशातून जप्त झालेली घरे विकत घ्यावीत, दुरुस्त करून अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना द्यावीत, मोडकळीस आलेली पाडावीत, अशी योजना होती.

३/ आता नियम पाहा. ज्याचे हप्ते थकले आहेत, पण जो अजून घरातच राहतो, त्याची जप्ती टाळण्यासाठी यातील पैसा वापरता येत नव्हता! कुटुंब बाहेर पडावे, दाराला कुलूप लागावे, क्लीव्हलँडच्या स्लाव्हिक व्हिलेजमध्ये घडले तसे चोरांनी तांब्याच्या नळ्याही उपटून न्याव्यात. शासन येणार ते त्यानंतर. आणि घराची किंमत पडणार कोणाच्या हाती? बहुधा जप्ती करणाऱ्या बँकेच्याच. (सवलतीच्या दराने का होईना.)

४/ ‘दुसरा मार्गच नव्हता’ हा युक्तिवाद तर इतिहासाच्या अज्ञानातून येतो. १९३३ मध्ये रूझवेल्ट प्रशासनाने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केले. त्याने सावकारी संस्थांना रोखे देऊन थकलेली कर्जे आपल्याकडे घेतली आणि घरमालकांना दीर्घ मुदतीची नवी कर्जे दिली. सुमारे १० लाख कर्जे, ३ अब्ज डॉलर. त्यांतील सुमारे २ लाख घरे अखेर गेलीच. उरलेली कुटुंबे मात्र आपल्या छपराखाली राहिली. याच संस्थेच्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या होत्या. तो कलंक झाकण्याचे कारण नाही. पण कर्जदार घरात असतानाच त्याला गाठायचे, ही रीत तिने घालून दिली होती.

५/ २००९ मध्ये हप्ते कमी करण्याची स्वतंत्र योजना आली, हे खरे. उद्दिष्ट ३० ते ४० लाख कुटुंबांचे होते; ते गाठले गेले नाही.

६/ ऑक्टोबर २००८ मध्ये वित्तसंस्थांसाठी मंजूर झालेली मर्यादा ७०० अब्ज डॉलर होती. वस्त्यांच्या वाट्याला त्याचा शंभरावा हिस्सा आला, आणि तोही घरातली माणसे निघून गेल्यावर.