एक गाडी नव्हे, दीड ब्रास

सदर : घर-अंगण

वळवाचे ढग आंबा घाटाच्या बाजूने वर येऊ लागले की मलकापुरात आणि आसपासच्या वाड्यांत एकच घाई सुटते. मृगाच्या आत अंगण करून घ्यायचं असतं. कुणाला गाडी लावायच्या जागेत खडी हवी असते, कुणाला तुळशीभोवती चिरा, कुणाला गोठ्यापुढचा चिखल बुजवायला मुरूम. मग क्रशरवाल्याला नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो आणि मागणी होते ‘एक गाडी टाका’. माझं या आठवड्याचं म्हणणं एवढंच आहे की असं मागणं आपण सोडून दिलं पाहिजे. ट्रॅक्टरची ट्रॉली ही गाडी, सहाचाकी टिपर ही गाडी आणि दहाचाकी डंपर हीसुद्धा गाडीच. भाव एका गाडीचा ठरतो आणि दारात येते दुसरीच. शिवाय गाडी मागणाऱ्याने आपलं अंगण बहुधा मोजलेलंच नसतं.

माप ब्रासचं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. अंगणाची लांबी आणि रुंदी फुटात घ्यायची, थराची जाडीही फुटातच धरायची, तिन्हींचा गुणाकार करून 100 ने भागायचं. 30 बाय 20 फुटांच्या अंगणात 3 इंच, म्हणजे पाव फूट, खडी पसरायची तर 150 घनफूट झाले, दीड ब्रास. मुरमाचा हिशेब थोडा वेगळा, कारण पाणी मारून रोलर फिरवला की तो चेपतो. तयार थर 3 इंचाचा हवा असेल तर पाव हिस्सा जादा धरावा, म्हणजे त्याच अंगणाला मुरूम दोन ब्रासच्या आसपास लागेल. हे गणित करायला इंजिनिअर लागत नाही. टेप आणि कागद पुरतो.

पण किती याच्या आधी काय आणि कशावर, हे ठरायला हवं. आपला शाहूवाडी तालुका घाटमाथ्याला लागून. इथे अंगणाचं पहिलं काम पावसाचं पाणी घरापासून लांब नेणं हे आहे, शोभा नंतरची. म्हणून माल मागवायच्या आधी उतार काढावा : दर दहा फुटांना अडीच इंच, जोत्यापासून बाहेरच्या बाजूला. रत्नागिरी महामार्गाच्या चौपदरीकरणात जिथे भराव पडून रस्ता उंचावला, तिथल्या घरांना आपणही अंगण रस्त्याइतकं वर घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. तसं करू नये. भर टाकता टाकता अंगण जोत्याला टेकलं की पाणी उंबऱ्यात येतं आणि भिंत खालून ओल धरते. भर जोत्याच्या नऊ इंच ते एक फूट खालीच थांबवावी आणि पाणी अडत असेल तर चर काढून ते गटाराला जोडावं.

दरवर्षी ‘एक गाडी’ लागते, त्याचं खरं कारण जमिनीत आहे. तांबड्या मातीवर नुसती खडी ओतली की पहिल्या मोठ्या पावसात माती लोण्यासारखी मऊ होते, वरून चाक फिरतं आणि खडी आत जाते. पुढच्या मे महिन्यात पुन्हा खडी, आषाढात पुन्हा चिखल. चारचाकी उभी राहणार असेल तर आधी वरची मऊ माती काढून दगडाचं सोलिंग करावं, फटींत मुरूम भरून दाबून घ्यावा आणि मग वर खडीचा थर द्यावा. पायवाटेला सोलिंगची गरज नाही, दाबलेला मुरूम पुरतो. खडीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायची पद्धत मात्र बंद व्हावी. त्याने गवत थांबतं, पण पाणीही वरच साचतं. पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड घालावं, खर्च वसूल होतो.

मुरूम घेताना हाताने पाहावा. मूठभर घ्यायचा, त्यावर पाण्याचा शिपका मारायचा आणि घट्ट आवळायचा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, टिचकी मारताच फुटला आणि तळहातावर खरखरीत कण राहिले तर मुरूम चांगला. त्यात बांधून ठेवण्यापुरतीच माती आहे. गोळा झालाच नाही तर तो दाबला जाणार नाही. आणि तळहातावर लाल लगदा चिकटून राहिला, धुतल्याशिवाय निघेना, तर तुम्हाला मुरमाच्या भावात माती विकली जाते आहे. ती पावसाळ्यात परत चिखलच होणार. ही परीक्षा ढीग दारात पडण्याआधी, खाणीवर किंवा गाडीतच करायची.

खडी आपल्याकडे काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, आणि ती उत्तमच असते. फक्त आकार नीट सांगावा. गाडीच्या जागेला 20 एमएम, चालायच्या वाटेला 10 किंवा 12 एमएम. खडीला कोपरे असतात म्हणूनच ती एकमेकांत अडकून बसते. चपटी, पातळ चिप जास्त असेल तर चाकाखाली तिचे तुकडे होतात. नदीचे गोल गोटे चाकाखाली सरकतात, ते झाडाच्या आळ्याभोवती शोभतात. पेव्हिंग ब्लॉक बसवायचे असतील तर खाली कच घ्यावी आणि ब्लॉकखालचा मुरूम घाईत सोडून देऊ नये.

नर्सरीत गोणीने मिळणारे पांढरेशुभ्र गोटे मला आपल्या भागात पटत नाहीत. आपल्याकडच्या पावसाने तांबडी माती उडते आणि एका हंगामात ते विटकरी होऊन जातात. काळी बारीक खडी पावसात धुऊन उलट उजळते. जांभा चिरा घाट चढून कोकणातून सहज येतो, पायरीला आणि कट्ट्याला तो देखणा दिसतो. तो सच्छिद्र असल्याने ओल धरतो आणि त्यावर शेवाळ लवकर येतं, म्हणून म्हातारी माणसं जिथून ये-जा करतात त्या सावलीतल्या वाटेवर तो नको.

आता माप घेण्याचं. गाडी आली की फाळका उघडायच्या आत हौदा मोजावा. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि माल अडीच फूट भरलेला असेल तर दीड ब्रास. माल मधे शिगोशीग आणि कोपऱ्यांत रिकामा असतो, म्हणून चार कोपऱ्यांत आणि मधोमध काठी घालून सरासरी धरावी. वजनावर घेणार असाल तर एक ब्रास सुकी खडी साधारण 4 ते 4.5 टन भरते हे लक्षात ठेवावं आणि काट्याची पावती मागावी. क्रश सँड ओली असेल तर दोन्हीकडून नुकसान : मापाने घेतली तर ती फुगलेली असते, वजनाने घेतली तर पाण्याचे पैसे जातात.

मालाबरोबर वाहतुकीचा परवानाही मागून घ्या, ज्याला सगळे रॉयल्टीची पावती म्हणतात. सरकार स्वामित्वधन ब्रासवरच घेतं. 2021 मध्ये हा दर 400 वरून 600 रुपये झाला. त्या पावतीवर वाहनाचा नंबर आणि ब्रास लिहिलेले असतात, तेव्हा तुमचं माप ताडून पाहायला ती कामी येते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कडवीच्या पात्रातले गोटे, कुणाच्या डोंगरउतारावर रात्रीत पोखरलेला मुरूम, हा माल बिनपावतीचा असतो आणि म्हणूनच स्वस्त पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) मध्ये बेकायदा उत्खननाला आणि वाहतुकीला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण दंड झाला तरी कापलेला उतार पुढच्या पावसात ओघळायचा थांबत नाही आणि त्याच्याखाली कुणाचं तरी घर किंवा भाताचं खाचर असतं. आपण दारात पावती मागितली तर हा धंदा कमी होईल, असा माझा विश्वास आहे.

वेळेचं गणितही साधावं. सोलिंग आणि मुरूम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उरकावेत आणि वरची खडी लगेच टाकू नये. वळवाचा एखादा पाऊस होऊ द्यावा. डबकी कुठे साचतात ते त्या पावसात आपोआप दिसतं. तेवढ्या जागा मुरमाने भरून पुन्हा दाबाव्यात, मग खडी. गाडी मागवताना गल्लीची रुंदी सांगावी, पेठेतल्या बोळात डंपर फिरत नाही, तिथे ट्रॅक्टरच हवा. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक कुठे आहे ते चुन्याने आखून ठेवावं. भरलेल्या डंपरचं वजन त्या झाकणाला पेलत नाही, आणि ड्रायव्हरला ते जमिनीखाली दिसणार नाही.