सापडलेल्या वस्तूचा दाखला

मुरबाडच्या पेठेतील एका परिचित धान्य व्यापाऱ्यांचे जुने घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले गेले. भिंतीतील बुजवलेला कोनाडा फोडताना वीतभर उंचीची धातूची जिनप्रतिमा हाती लागली. थोरले बंधू ती पाचशे वर्षांपूर्वीची मानतात. शहापूरला स्थायिक झालेले धाकटे बंधू ती अलीकडची ओतीव असल्याचे ठासून सांगतात. मतभेद अबोल्यापर्यंत गेला. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसास पारख असणारच, या समजुतीने प्रतिमा माझ्यापुढे आली, तेव्हा ती लखलखत होती. घरच्यांनी भक्तिभावाने चिंच आणि विटेची पूड लावून ती घासली होती. अशा प्रतिमांच्या पाठीवर पुष्कळदा विक्रम संवत, आचार्यांचे नाव आणि दात्याचे कुळ कोरलेले असते. येथे काही रेषा दिसत होत्या. वाचता येईल असे अक्षर उरले नव्हते.

असा वाद विद्वानांनाही चुकलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल ग्रामस्थास झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. एस. ए. साळी, म. के. ढवळीकर आदी संशोधकांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणावरून शंका घेतली. त्यात सोमलाचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक होते आणि त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असे मिश्रण आढळत नव्हते. त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. कारागिरीविषयी दुमत नव्हते. परंतु वस्तू पद्धतशीर उत्खननात, मातीच्या थरांची नोंद होत असताना निघालेल्या नव्हत्या. म्हणून काळाविषयी निर्विवाद साक्ष मिळेना.

तारण सोन्याचा कस कसोटीवर लागतो. ते कोणाचे व कोठून आले, हे कसोटी सांगत नाही. त्यासाठी कागद लागतो. १८७८ चा निखात निधी कायदाही हेच जाणतो. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, स्थळ आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंदणीही करावी लागते.

म्हणून जुने घर उतरवताना किंवा शेत खणताना काही आढळले, तर प्रथम आहे त्या जागी छायाचित्र घ्यावे. दिनांक, खोली आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. जाणकारांनी पाहेपर्यंत घासूपुसू नये.

त्या बंधूंना मी निर्णय देऊ शकलो नाही. कोनाड्याची जागा आणि सापडल्याचा दिवस तेवढा दोघांच्या सहीने लिहून घेतला. कित्येक महिन्यांनी ते एका कागदापाशी एकत्र बसले होते.