वारा फुकट, पण वीज वाया

कन्याकुमारी पाहून नागरकोईलमार्गे तिरुनेलवेलीकडे निघालात, की मुप्पंदल गावाजवळ पवनचक्क्यांचे रानच लागते. मे ते सप्टेंबर या काळात घाटाच्या खिंडीतून नैऋत्येचा वारा इथे सुसाट घुसतो. पण कधी कधी असेही दिसते, की वारा अंगावरचा पदर उडवतो आहे आणि काही चक्क्या मात्र स्वस्थ उभ्या आहेत. थांबलेली प्रत्येक चक्की बिघडलेलीच असते असे नाही. कित्येकदा तिला थांबायला सांगितलेले असते.

वारा फुकट, यंत्र तयार, मग वीज नको का?

वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. पावसाळी रात्री पंखे बंद, शेतातले पंप बंद. मागणी उतरते आणि नेमका तेव्हाच वारा चढतो. कोळशाचे केंद्र स्वयंपाकघरातल्या गॅससारखे चटकन विझवता-पेटवता येत नाही. नियमाने वाऱ्याच्या विजेला अग्रक्रम आहे खरा, पण तारांवर भार वाढला की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.

यावर पहिला उपाय म्हणजे रुंद रस्ता. दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी एका तालात जोडले गेले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते आपल्या सोलापूरपर्यंतच्या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने. तोवर वीज मोजक्या खास दुव्यांतूनच ये-जा करू शकत होती.

दुसरा उपाय बाजाराचा. २००८ पासून देशात विजेचे सौदे बाजारात होतात, पण ते मुख्यतः आदल्या दिवशी. उद्या दुपारी वारा किती वाहील, हे आज छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणून १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला लिलाव होऊ लागले. अंदाज चुकला तरी जादा वीज ऐनवेळी विकता येते.

तिसरा उपाय साठवणीचा. तमिळनाडूतील कदम्पारै आणि आपल्याकडील घाटघर येथे जादा विजेने पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज घेतात. अशी ठिकाणे देशात अजून थोडीच आहेत.

पवनचक्कीच्या उद्घाटनाला नारळ फोडायला पुढाऱ्यांची रांग लागते. तारेच्या खांबाला हार घालायला कोणी येत नाही. किती मेगावॅट उभारले हा आकडा दरवर्षी अभिमानाने सांगितला जातो. पण त्यातली किती वीज घराघरांत पोहोचली आणि किती वाऱ्यावर गेली, हे आपणही विचारायला हवे. कारण न वापरलेल्या वाऱ्याच्या जागी जळणाऱ्या कोळशाचे पैसे शेवटी आपल्याच बिलात येतात.