डिव्हा सिंथ: आवाज दमदार, पण तुमचा लॅपटॉप तयार आहे का?

बर्लिनच्या यू-ही कंपनीचा डिव्हा २०११ साली आला. तरी 'ॲनालॉगसारखा वाजणारा सॉफ्टवेअर सिंथ कोणता?' असं विचारलं की आजही त्याचं नाव निघतंच.

कारण काय? व्हर्च्युअल ॲनालॉग म्हणजे जुन्या सिंथच्या सर्किटचं वागणं गणिताने उभं करणं. डिव्हा हे गणित फार बारकाईने करतो. रेझोनन्स वाढवून कटऑफ फिरवा, फरक लगेच कळतो. पण हा बारकावा प्रोसेसरवर भारी पडतो. म्हणूनच त्यात ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन असे चार मोड आहेत. डिव्हाइनवर भरगच्च कॉर्ड धरली की साधा लॅपटॉप धापा टाकतो.

माझं मत विचाराल तर लगेच पैसे घालू नका. मोफत डेमो घ्या (त्यात मधूनच येणारी खरखर मुद्दाम ठेवलेली आहे) आणि आपल्याच गाण्यात, बाकीचे ट्रॅक चालू ठेवून वाजवा. शेजारी यू-हीचाच मोफत टायरेल एन६ किंवा सर्ज एक्सटी लावा. डोळे मिटून फरक ओळखता आला, तर डिव्हा जरूर घ्या. नाही आला, तर तेच पैसे चांगल्या हेडफोनवर घाला; त्याचा उपयोग प्रत्येक गाण्यात होईल.